ती एकदा माघारी वळली होती

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. माईकसमोर उभा राहिलोय खरा, पण काय बोलावं ते सुचत नाही. उभा जन्म वर्गात बडबड केली, आज जीभ उचलत नाही. मधेच थांबलो तर सांभाळून घ्या.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मी ऋतुजाचा शिकवणीचा मास्तर. कॉलेजात भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या माझ्या घरी, पायलट व्हायला निघालेल्या पोरांना हवामान आणि आकाशातले नियम शिकवतो. विमान मी आयुष्यात चालवलेलं नाही. खुर्चीत बसून शिकवतो. ते शिकायला ही पोर इथून, कुरुंदवाडहून, एसटीनं यायची.

पहिल्या दिवशी तिचे वडील, आपले महादेवआण्णा, दूध संकलन उरकून सोबत आले होते. मी सांगत होतो, विमानतळाभोवतीच्या आकाशालाही हद्द असते, परवानगी मागितल्याशिवाय आत शिरायचं नाही. आण्णा म्हणाले, "म्हंजे दुसऱ्याच्या रानातनं जाताना हाळी द्यायची, तसंच की!" आण्णा, ते उदाहरण मी अजून वर्गात सांगतो.

मग ढगांचे नियम. ढगापासून किती लांब राहायचं, समोरचं किती अंतरापर्यंत दिसलं पाहिजे, सगळे आकडे तिला पाठ होते. पण त्या आकड्यांचं सार एकच. दिसत नसेल तर माघारी वळायचं. हवेचं तापमान उतरत दवबिंदूजवळ आलं की धुकं धरतं, हे मी फळ्यावर काढून दाखवत होतो. ती म्हणाली, "सर, एकदा आमच्याकडं नदीच्या संगमावर या. वारं पडलेलं असलं की ऊन वर आलं तरी धुकं हलत न्हाय." नदीचं धुकं तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

आणि तरी तिचं विमान धुक्यात कोसळलं. कसं झालं? चौकशी चालू आहे. मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही.

पण रक्षाविसर्जनाला आण्णांनी माझा हात धरला आणि विचारलं, "सर, माघारी वळायचं तिला म्हाईत न्हवतं व्हय?" मी चप्पल घातली आणि निघून गेलो. आज उत्तर देतो, आण्णा. तिला माहीत होतं. ती वळली होती.

आठवतंय ना सगळ्यांना? तिचं एकटीनं करायचं पहिलं लांबचं उड्डाण. वाट आपल्या गावावरून. आण्णांनी डेअरीच्या भोंग्यावरून पुकारलं, आणि सगळं गाव गच्चीवर. आयाबाया हातात साड्या धरून उभ्या, विमानातून दिसावं म्हणून. मीही होतो, आण्णांच्याच गच्चीवर. आवाज आला. पोरं ओरडली, आली, आली! नदीवर धुकं होतं, वर ढग खाली आले होते. आवाज थोडा वाढला, आणि मग कमी कमी होत गेला. ती वळली होती. जे मी शिकवलं, तेच तिनं केलं. गच्च्यांवरून "भ्याली, भ्याली!" म्हणून केवढा गलका झाला!

पुढच्या रविवारी ती घरी आली. चहा, भजी, माणसांनी घर भरलेलं. कुणीतरी म्हणालं, "काय पावणं, दारापर्यंत येऊन माघारी गेलासा की!" सगळे हसले. नाव घेत नाही, कारण नाव घ्यायचंच तर आधी माझं घ्यावं लागेल. मीही हसलो. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "सर, दिसत नव्हतं." सगळ्या घरात तिच्या बाजूनं बोलू शकेल असा मी एकटाच होतो. "माहीत आहे गं," म्हणालो, आणि भज्याची बशी पुढं ओढली. हसू तोंडावर तसंच होतं.

दुसऱ्या खेपेला तिनं गावात कुणालाच सांगितलं नाही. आण्णांनाही नाही. तसंच धुकं होतं. या वेळी ती वळली नाही.

आपल्या हसण्यामुळं झालं, असं मी म्हणत नाही. यंत्रातही काही बिघडलं असेल. मी रोज स्वतःला तेच सांगतो, आणि रोज ते मला पटत नाही. ज्या एका माणसाला विचारायचं, ती आता नाही. मी काय करू, सांगा? वर्ग बंद करू? परवा एक मुलगी वही घेऊन दारात आली. तिला आत घ्यायची हिंमत झाली नाही, आणि परत पाठवायचीही झाली नाही. ती पायरीवर बसून राहिली.

शिकवलेलं कुणी बरोबर केलं की मास्तरानं शाबास म्हणायचं असतं. मास्तरचं काम तेवढंच. त्या रविवारी माझ्याच्यानं ते झालं नाही.

ऋतुजा, शाबास. वळलीस ते बरोबर केलंस.

मंडळी, आता उभे राहूया. ती वळली त्या दिवशी आपण गप्प राहायला हवं होतं. आज राहूया, दोन मिनिटं.