खांबापर्यंतची फेरी

होमिओपॅथी डॉक्टरांच्या एका खोलीच्या दवाखान्यात शिंपीणबाई मांडीवर मांजराची टोपली घेऊन पेंगत बसल्या होत्या. आत्ता नंबर एका बहीणभावाचा होता. त्यांची म्हातारी कुत्री त्यांच्या पायाशी केव्हाच झोपून गेली होती.

"जागेपणीही लघवी सुटते का हिची?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही, फक्त झोपेत," भाऊ म्हणाला. "अंथरूण रोज ओलं. माझं पोर आता रांगायला लागलंय, डॉक्टर. तुमच्या गोळ्यांनीही फरक पडला नाही, तर हिला घरात ठेवणं कठीण आहे."

"स्वभाव कसा?"

"भित्री."

"काहीतरीच! भित्रा तू. वीज कडाडली की ती तुझ्या सोबतीला कॉटखाली शिरते."

"ताई, औषध कुत्रीला घ्यायचंय."

"स्वप्नं पडतात तिला?"

"पडतात तर!" ताई म्हणाली. "आधी पाय चालायला लागतात, मग शेपूट हलते. मग कोपऱ्यावरचा खांब येत असणार."

"कुठला खांब?"

"आमचे वडील, आबा, तिला रोज फिरायला न्यायचे, तिथला. आबा गेले आणि हे सुरू झालं."

"मग ही बाटली न्या. झोप गाढ लागेल, स्वप्नं पडायची नाहीत."

"दुसरी नाही का एखादी?"

"आहे. पण तिचा गुण सावकाश येतो."

"येऊ दे. अंथरुणं मी धुईन."

"अगं ताई, पण..."

तेवढ्यात कुत्रीचे पाय हलायला लागले. शिंपीणबाईंनी आपले पाय अलगद वर घेतले. डॉक्टर तिला उठवायला वाकले, तसा भाऊ कुजबुजला,

"थांबा हं जरा. खांबापर्यंत जाऊ दे."