तिसरा पट्टा

(दुपार. गोडाऊनमध्ये जुन्या कार्पेटचा मोठा तुकडा अंथरलेला, त्यावर चिकटपट्टीनं आखलेले तीन पट्टे. थोरली बहीण ताई आणि धाकटा भाऊ बारक्या. दोघांचा मिळून कार्पेट धुण्याचा धंदा आहे.)

ताई: पुसून दाखव. असं नाही, पांढरं फडकं घे. मळक्या फडक्यावर काय दिसणार, कपाळ?

बारक्या: हे घे, पांढरं. हा ट्रायलला आणलेल्या मोठ्या ऑर्बिटल मशीनचा पट्टा. बघ, फडक्यावर काही नाही. आता छोट्याचा. हा जरा पिवळट येतोय.

ताई: म्हणजे मोठं जास्त मळ काढतं.

बारक्या: काढणारच. चाळीस किलोचं धूड आहे ते. मशीनवाला म्हणाला ना, सगळं वजन पॅडवर पडतं, आपण नुसतं मागून चालायचं. हँडल एका हातानं धरलं तरी ऐकतं.

ताई: त्याला काय जातंय बोलायला. जिन्यानं वर त्याला न्यायचंय थोडंच?

बारक्या: लिफ्ट असते गं हल्ली सगळीकडे.

ताई: त्या दातांच्या डॉक्टरांकडे आहे? नाचाच्या क्लासला आहे? हे उचलायला दोन माणसं लागतील आणि आपण आहोत मोजून दोन.

बारक्या: मग छोटं घेऊ. बावीस किलो, मी एकटा नेतो. एकदा फिरवायचं तिथे दोनदा फिरवू.

ताई: दोनदा फिरवलं की पाणी पण दुप्पट. हात लावून बघ, छोट्याचा पट्टा अजून दमट आहे. मोठ्याचा केव्हाच सुकला.

बारक्या: तुझं म्हणजे ताकही फुंकून प्यायचं.

ताई: तोंड पोळलंय म्हणून फुंकतेय. वाचनालयात काय झालं ते विसरलास?

बारक्या: ते आत्ता कशाला?

ताई: तू विसरलास तरी मी नाही विसरले. नवं कोरं कार्पेट आणि त्यावर ताटाएवढी गोल चक्रं. लव सगळी पिंजून निघालेली. ग्रंथपालबाई मला म्हणाल्या, आम्ही धुवायला दिलं होतं, नांगरायला नाही.

बारक्या: टेबलं सरकवून झाकलं की त्यांनी. मिटलं ते.

ताई: मिटलं कसलं? त्या दिवसापासून काका घरी बसले. बाबा गेल्यावर ज्या काकांनी आपल्याला हे काम शिकवलं, पायावर उभं केलं, तेच घरी बसले. तीन वर्षं झाली.

बारक्या: ते स्वतःच म्हणाले ना, आता हात थरथरतो म्हणून.

ताई: म्हणाले. म्हणून तर ऑर्बिटलच्या मागे लागलेय मी. आपलं जुनं मशीन गोल गरगर फिरतं, ते दाबून धरायला मनगटात जोर लागतो. हे जागच्या जागी बारीक हलतं, ओढत नाही. हात थरथरला तरी बिघडत नाही. मशीनवाल्याला मी तीनदा विचारलं. माणूस सत्तरीचा असला तर चालवेल का? तो म्हणाला, आरामात.

बारक्या: सत्तरीचा कोण?

ताई: काका. आठवड्यातून दोन दिवस बोलवावं म्हणतेय. रोज नको, पण दोन दिवस.

बारक्या: हे तू मला बोलली नाहीस.

ताई: आता बोलतेय की. तुला आनंद व्हायला हवा होता. तोंड का उतरलं?

बारक्या: उतरलं नाही. बोलव की. मग छोटंच घेऊ, काकांना सोपं जाईल. चल, आवरू या?

ताई: थांब. तिसरा पट्टा राहिला.

बारक्या: तो रिकामाच ठेवलाय ना? न धुतलेला.

ताई: नाही. तू सकाळी गिऱ्हाइकाकडे गेलास तेव्हा मी जुनं मशीन बाहेर काढलं, तेल घातलं आणि तिसऱ्या पट्ट्यावर फिरवलं. तू त्यावरच उभा आहेस. खाली बघ.

बारक्या: स्वच्छ आहे.

ताई: मुद्दाम हात हलवत फिरवलं मी. म्हटलं, काकांसारखं करून बघू, म्हणजे जुन्या-नव्यातला फरक नीट कळेल. मशीन हवं तिकडे पळालं, एकदा भिंतीवर आपटलं. माझं मनगट अजून ठणकतंय. लव इकडेतिकडे वाकली, हातानं सारखी केली. पण चक्र एकही नाही.

बारक्या: हे कार्पेट वेगळं आहे.

ताई: ते नवं होतं, हे बारा वर्षांचं. आधी ह्याची लव पिंजायला हवी.

बारक्या: पाणी कमी-जास्त झालं असेल.

ताई: पाण्यानं चक्रं पडत नाहीत. बारक्या, माझ्याकडे बघ.

बारक्या: बघतोय की.

ताई: फडक्याकडे बघतोयस.

बारक्या: ताई, त्या दिवशी ब्रश मी लावला होता.

ताई: कुठला ब्रश?

बारक्या: कडक. फरशीचा. म्हणजे लावला असं नाही, काढला नव्हता. आदल्या दिवशी शाळेची फरशी घासली होती, तोच राहिला होता मशीनला. वाचनालयात पोचल्यावर बदलणारच होतो. तेवढ्यात फोन आला. तुझ्या भावजयीचा. तेव्हा आमची नुसती ओळख होती.

ताई: आणि तू बाहेर गेलास.

बारक्या: व्हरांड्यात गेलो. काकांनी आतून विचारलं, ब्रश बदललास ना? मी मान डोलावली. म्हटलं, दोन मिनिटांत जाऊन बदलू. ते म्हणाले, बोल तू निवांत, मी सुरू करतो.

ताई: काकांचा नियम होता. ज्यानं ब्रश लावला त्यानंच मशीन धरायचं. मला पहिल्या दिवशी तोच शिकवला होता त्यांनी. ब्रशवरून तळहात फिरवून बघितल्याशिवाय ते बटण दाबायचे नाहीत.

बारक्या: त्या दिवशी नाही बघितलं. मी मान डोलावली ना, म्हणून.

ताई: पण हातात कळतं की.

बारक्या: कळलं त्यांना. पण तोवर दोन ओळी होऊन गेल्या होत्या. मी आत आलो तेव्हा मशीन आडवं करून ते मऊ ब्रश लावत होते. कडक ब्रश त्यांनीच माझ्या पिशवीत तळाला घातला आणि वर फडकी टाकली. मला म्हणाले, ताई येईल एवढ्यात, पाणी पी.

ताई: आणि मी आले.

बारक्या: तू आलीस.

ताई: आणि ग्रंथपालबाईंच्या देखत, तिथे पेपर वाचत बसलेल्या माणसांच्या देखत मी म्हणाले, काका, आता तुमच्यानं होत नाही, कबूल करा. मी बोलत होते आणि तू कोपऱ्यात वायर गुंडाळत होतास. तीच वायर उलगडून पुन्हा गुंडाळत होतास.

बारक्या: मी तोंड उघडणार होतो. तेवढ्यात काका म्हणाले, हो, हात थरथरतो आता. मग कुठल्या तोंडानं बोलणार होतो? म्हटलं, संध्याकाळी सांगू. मग म्हटलं, तुझा राग उतरला की सांगू. महिना गेला. पुढे तर तू येईल त्याला सांगायला लागलीस, काकांचे हात गेले. मला प्रत्येक वेळी जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं. तरी नाही बोललो. भित्रा आहे मी, दुसरं काय.

ताई: एक मुस्काटात द्यावीशी वाटतेय तुला.

बारक्या: दे.

ताई: कुठल्या तोंडानं देऊ? चक्रं दिसली की पहिला प्रश्न काय विचारायचा? ब्रश कुठला होता. शिकाऊ पोरालासुद्धा कळतं. मी विचारलाच नाही. मला आधीपासूनच वाटत होतं की ते थकलेत, हळू झालेत. निमित्त हवं होतं मला, ते मिळालं. नंतर इतक्यांदा घरी गेले, पण त्यांच्या हातांकडे एकदा नीट बघितलं नाही. लाज वाटत होती म्हणून बघितलं नाही.

बारक्या: उद्या जातो मी त्यांच्याकडे.

ताई: उद्या नको. तुझा उद्या तीन वर्षांनी उगवतो. आत्ता फोन लाव. स्पीकरवर ठेव.

बारक्या: काय बोलू?

ताई: मला सांगितलंस तेच.

काका: कोण, बारक्या? कामाच्या वेळेला फोन? सगळं बरं आहे ना?

बारक्या: बरं आहे. काका, वाचनालयाचा तो ब्रश. ताईला सांगितलं मी आज. तुम्हाला तर ठाऊकच होतं.

काका: माझ्याच हातानं काढला होता ना तो.

बारक्या: मग तुम्ही बोलला का नाहीत?

काका: तू आधीच दोन नोकऱ्या सोडून आला होतास. ताईनं तुला पुन्हा मशीनला हात लावू दिला नसता. म्हटलं, पोरगं आत्ता कुठे रुळतंय. माझं काय, आज ना उद्या थांबायचंच होतं.

बारक्या: काका, मी चुकलो. फार चुकलो.

काका: हं. मला वाटलं होतं, आठ दिवसांत सांगशील. पहिलं वर्षभर दुपारी झोपायचो नाही मी. तू येशील असं वाटायचं. मग झोपायला लागलो.

ताई: काका, मी आहे इथे. चारचौघांत बोलले मी तुम्हाला. न विचारता बोलले.

काका: बोललीस खरी. लागलं मला ते. खोटं कशाला सांगू?

ताई: परत याल? नवं मशीन घेतोय. मोठं की छोटं, तुम्ही सांगाल ते घेऊ.

काका: मशीनचं बघू नंतर. बारक्या, तू आधी घरी ये.

बारक्या: आत्ताच निघतो.

काका: आणि आल्यावर तुझ्या काकूला सांग, काकांचे हात थरथरत नाहीत. मी तिलाही खरं सांगितलं नव्हतं. तिच्या पोटात काही राहत नाही, तिनं लगेच ताईला फोन केला असता.

बारक्या: सांगतो. पण काकू चिडेल माझ्यावर.

काका: चिडू दे. तीन वर्षं झाली, सांडेल म्हणून ती मला चहा अर्धाच कप देते.