जमादार आजारी आहे

इशिता: हात वर कर, आजी.

आजी: कणकेचे हाये हात. वर केले तर सारं केसात पडन.

इशिता: मग तिथेच ठेव. पण हलायचं नाही. शेरीफ चौकशीला आलीये.

आजी: कोण आलं?

इशिता: शेरीफ. मी. काल सांगितलं ना तुला? काउबॉयच्या गावातला पोलीस. हॅट घालतो, घोड्यावर बसतो, वाईट माणसांना पकडतो.

आजी: असं, ठाणेदार. आमच्या दर्यापूरले होते एक. त्याइच्यापाशी सायकल होती. तुहा घोडा कुठं हाये?

इशिता: स्कूटर बाहेर बांधलीये. आजी, जोक नको ना. फर्गस आजारी आहे.

आजी: जमादार? सकाळी तर कुंपणापाशी शेपटी हालवून राहिला होता.

इशिता: तो डेप्युटी आहे, जमादार नाही.

आजी: ठाणेदाराच्या हाताखाली जमादारच असते. काय झालं त्याले?

इशिता: सारख्या उलट्या करतोय. मी खेळायला बोलवायला गेले तर शेजारचा डोनल म्हणाला, बास्केटमधून उठतच नाहीये. त्याने व्हेटला, प्राण्यांच्या डॉक्टरला, फोन केला. ती विचारते, काय खाल्लं? डोनलला तेच माहीत नाही. त्याला वाटतं, मागच्या मैदानात कोणीतरी उंदराचं औषध टाकलंय.

आजी: अवं माय.

इशिता: म्हणून चौकशी. माझ्याकडे दोन सस्पेक्ट आहेत. एक, मैदानात घोडे चारायला सोडतात ते मुलगे. फर्गस त्यांच्या घोड्यांवर भुंकतो. दोन, कोपऱ्यावरची बाई. तिला कुत्रे आवडत नाहीत.

आजी: त्या पोराइचं नाव नको घेऊ. मले रोज हात करतात ते.

इशिता: ते बघू. तू विटनेस आहेस. आईबाबा ऑफिसला गेले की तू दिवसभर याच खिडकीत असतेस. आज फर्गसला बाहेर कोणी पाहिलं?

आजी: म्या.

इशिता: त्याच्याजवळ कोण गेलं होतं?

आजी: मीच गेली होती. आज पौर्णिमा. सत्यनारायणाचा प्रसाद केला, नैवेद्य दाखवला, गाईचा घास काढला. आता या परदेशातल्या सिटीवेस्टमधी गाय कुठून आणू? म्हणून जमादाराले देल्ला. रोजची पोळी बी तोच खाते ना.

इशिता: प्रसाद म्हणजे शिरा?

आजी: शिरा. साजूक तुपातला. वाटी अशी चाटून पुसून ठेवली त्यानं का घासायची गरज नाई.

इशिता: शिऱ्यात काय काय होतं?

आजी: रवा, तूप, साखर, केळं, वेलची. आन् बेदाणे. तुले आवडत नाई, म्हणून तुह्या वाटीतले बी वेचून त्यालेच टाकले. काय झालं? ओ ठाणेदार?

इशिता: आजी, हात धू. चप्पल घाल.

आजी: तव्यावर पोळी हाये.

इशिता: गॅस बंद कर. बेदाणे कुत्र्याला विष असतात.

आजी: काहीतरीच. प्रसाद हाये तो.

इशिता: द्राक्षं पण आणि बेदाणे पण. किडनी खराब होते त्यांची. खरंच सांगते.

आजी: आमच्या गावचे कुत्रे लग्नाच्या पंक्तीतलं सारं खाऊन राहिले जन्मभर. तुले कोणं सांगतलं हे?

इशिता: माहीत आहे मला. आजी, चल ना. प्लीज.

*

(शेजारच्या डोनलच्या दारात. डोनल इंग्रजीतच बोलतो. त्याचं बोलणं इथे फक्त इशिताच्या तोंडून येतं.)

आजी: सांग त्याले, माह्या हातानं झालं. बेदाण्याचा शिरा म्या देल्ला, वाटीभर. म्हणा, मले माहीत नव्हतं.

इशिता: सांगितलं.

आजी: काय म्हणे तो?

इशिता: व्हेटला परत फोन लावतोय.

आजी: त्याच्याआधी बोलला ना. तुह्याकडं बोट करून बोलला.

इशिता: म्हणाला, थँक्यू. सांगितलं ते बरं झालं.

आजी: इतकं लांब बोलून एवढंच? तोंड तर तसं नव्हतं त्याचं.

इशिता: बेदाणे किती होते विचारतोय.

आजी: हे अशी मूठ. भरलेली.

इशिता: लगेच घेऊन या म्हणाली व्हेट. तो गाडी काढतोय.

आजी: त्या म्हाताऱ्या गुडघ्याइनं एवढं कुत्रं उचलणार हाये तो? सरक, इशू. मागचे पाय तू धर, मान मी धरते. हळू. चाल बापा, चाल जमादारा.

इशिता: आजी, तो तुझा हात चाटतोय.

आजी: चाटू दे. त्याले काय माहीत.

*

आजी: घरात चाल. वारा लय सुटला.

इशिता: गाडी परत येईपर्यंत मी इथेच पायरीवर बसणार.

आजी: मग मी बी बसते. सरक.

इशिता: हा बॅज घे.

आजी: काऊन?

इशिता: शेरीफनेच कायदा मोडला तर त्याला बॅज परत द्यावा लागतो.

आजी: तू काय मोडलं? शिरा तर म्या देल्ला.

इशिता: तू नवीन आली होतीस तेव्हा कुंपणावरून फर्गसला पोळी दिलीस. डोनल बाहेर आला आणि काहीतरी बोलला. मी तुला काय सांगितलं, आठवतं?

आजी: आठवते ना. थँक्यू म्हणून राहिला, पोळी लय आवडली म्हणते कुत्र्याले.

इशिता: तो तसं नव्हता म्हणाला. तो म्हणाला, तुझ्या आजीला सांग, याला बाहेरचं काही देऊ नका, पोट नाजूक आहे. कांदा, चॉकलेट, बेदाणे तर कधीच नाही. नीट समजावून सांगितलं होतं त्याने मला.

आजी: आन् तू मले उलटं सांगतलं.

इशिता: हो.

आजी: तो कुंपणावरून रोज हात हालवायचा, ते?

इशिता: ते नको, नको असं होतं. तू त्याला नमस्कार करायचीस.

आजी: आन् मी दर्यापूरले फोनवर सांगे, का शेजारी किती प्रेमळ भेटला.

इशिता: प्रेमळ आहेच तो. पोळीने काही झालं नाही, मग त्याने नको म्हणणं सोडलं. म्हणाला, ग्रँड, म्हणजे ठीक आहे.

आजी: पण असं केलं काऊन, पोरी?

इशिता: तू पोळी बंद केली असती तर फर्गस आला नसता. तू यायच्या आधी तो माझ्याकडे यायचाच नाही. मी हाक मारली तरी नाही. गोष्टीत शेरीफचा कुत्रा सगळीकडे त्याच्याबरोबर असतो. मला पण तसा पाहिजे होता.

आजी: इकडं बघ, इशू. मले इंग्रजी येत नाई. या देशात मी तुह्या तोंडानं बोलते आन् तुह्या कानानं ऐकते. तूच खोटं सांगतलं तर मी कोणाले विचारू?

इशिता: सॉरी, आजी.

आजी: आणखी काय काय बदललं?

इशिता: लायब्ररीतल्या बाईने विचारलं होतं, तुला इथे आवडतं का. तू म्हणालीस, हाडं गोठून राहिली, कधी घरी जाते असं झालं. मी सांगितलं, शी लव्हज इट.

आजी: त्याच्यात काय फायदा होता तुहा?

इशिता: ती आईच्या ओळखीची आहे. तिने आईला सांगितलं असतं तर आईने तुझं परतीचं तिकीट आधीचं केलं असतं.

आजी: हं.

इशिता: आजी, अजून एक. मघाशी दारात तो मला म्हणाला, तू आजीला सांगितलं होतंस ना? मी मान हलवली. हो अशी.

आजी: म्हणजे त्याले वाटते, का सांगूनसवरून म्या त्याच्या कुत्र्याले चारलं.

इशिता: हो.

आजी: मले राग आला हाये. लय. उगीच हसून दाखवणार नाई. तो आला का तूच त्याले सांगशीन, सारं. मी बाजूले उभी राहीन, पण बोलशीन तू.

इशिता: आणि फर्गस मेला तर?

आजी: तरी सांगशीन. अंग कसं काकडलं तुहं. ये, शालीत ये.

*

आजी: आला व माय, आला. दोन दिवस मालक बी दवाखान्यातच राहिला त्याच्यासंग. किती वाळला हा. पायाचे केस काऊन कापले त्याइनं?

इशिता: तिथे सलाईन लावलं होतं. डोनल म्हणतो, किडनी वाचली. उलटीत बरेच बेदाणे निघून गेले आणि आपण लगेच सांगितलं म्हणून.

आजी: देवच पावला. आता बोल त्याच्याशी.

इशिता: उद्या बोलू?

आजी: आत्ता. मी हाये इथंच.

इशिता: ... सांगितलं.

आजी: सारं?

इशिता: मान हलवली होती ते पण.

आजी: मग काय म्हणे तो?

इशिता: थांब. आता बोलतोय.

आजी: पुरं सांग मले. कमी नाई आन् जास्त नाई.

इशिता: तो म्हणतो, दोन रात्री तो झोपला नाही. फर्गसला त्याच्या बायकोने आणलं होतं, एवढासा असताना. ती गेल्यावर घरात तो एकटाच आहे याच्याबरोबर. तो म्हणतो, मी तुझ्यावर खूप रागावलोय. म्हणजे आजी, तुझ्यावर नाही, माझ्यावर. आणि तुझ्याबद्दल त्याच्या मनात वाईट आलं होतं, त्याची तो माफी मागतोय. त्याला वाटलं होतं, तू हट्टी आहेस.

आजी: हट्टी तर मी हायेच. पुढं?

इशिता: फर्गसला आता काहीच द्यायचं नाही. पोळी पण नाही. आपल्या दोन घरांच्या मधलं फाटक तो उघडं ठेवणार आहे, पण मी फर्गसला हाक मारायची नाही. त्याला यायचं असेल तर तो येईल.

आजी: बरोबर बोलला. त्याले म्हणा, तुमच्यासाठी शिरा करून आणते. त्यात बेदाणे घालू का नको?

इशिता: तो म्हणतो, डबल घाला.

आजी: आता हसला तो. गेला का आत?

इशिता: चहा ठेवायला. फाटक उघडंच आहे. पण फर्गस येणार नाही, आजी. आपल्याकडे पोळीच नाही.

आजी: नाई तर नाई. आपण पायरीवर बसू.

इशिता: हॅट घालू?

आजी: नको. ठाणेदारी सध्या बंद हाये. बॅज माह्या पेटीत हाये, कधी द्यायचा ते मी पाहीन.

इशिता: तो उठला. बघतोय इकडे. आजी, येतोय तो. बघ, तुझ्याकडेच येतोय. पोळीसाठीच, मी म्हटलं होतं ना.

आजी: नाई रे बापा, माह्यापाशी काही नाई. हे बघ, दोन्ही हात रिकामे. हुंग चांगलं. आता तुले म्या काहीच देणार नाई.

इशिता: आता परत जाईल.

आजी: चूप राय.

इशिता: आजी.

आजी: काय व?

इशिता: तो माझ्या पायावर बसला.

आजी: मग पाय हलवू नको.