कुऱ्हाड पुरायची कशी

सोनपेठच्या स्टँडवर बसची वाट बघत होतो. बाकावर माझ्या शेजारी एक आजी होती आणि पुस्तक उघडून बसलेली तिची नात.

"आजी, भांडण मिटवलं की इंग्रजीत 'कुऱ्हाड पुरली' म्हणतेत."

"चांगली कुऱ्हाड मातीत? मग शेळ्यायला पाला कशानं तोडायचा?"

"खरी न्हाई पुरत. नुसतं म्हणायचं."

"आपल्यात एकमेकाच्या घरी चहा पितेत. चहा पिला की भांडण मिटलं."

"मग तुझ्या जावंकडं कधी पितीस?"

"आधी तिनं बोलावं."

"धाकटी आजी बी तुझ्याबद्दल हेच म्हणती."

"म्हणू दे. माझी कुऱ्हाड मागून नेली, अन् भांडण झाल्यापासून तिच्याच घरी हाय."

"मग जाऊन आण की."

"आणायची म्हंजी तिला बोलावं लागतंय, शालू."

"अन् शेळ्या?"

आजीनं पदर सारखा केला.

"शेळ्या उपाशी ठेवता येत न्हाईत. उद्या सकाळी जाते. कुऱ्हाड घ्यायची अन् माघारी फिरायचं."

"तिनं चहा ठेवला तर?"

"मी काय चहासाठी जायलेय का?"

बस आली. आजी पिशवी उचलून उठली.

"पण उद्या घरी माझा चहा ठेवू नको."