भोंगा नसलेलं काम

मी जेऊरचा. करमाळा तालुक्यातलं जेऊर, रेल्वे ठेसन असलेलं, तेवढं आठवणीनं लिहा, कारण ठेसन सांगितलं न्हाय की लोक आमाला खेडवळ समजत्यात. आमच्या रानाला धरणाच्या फुगवट्याचं पाणी मोटारीनं यायचं आणि आमची मोटार अशी की ती सुरू झाली की पाण्यापलीकडची माणसं ताटावरनं उठायची, आपल्याकडं काय कोसळलं म्हणून. वडलांचं म्हणणं मी ऊस बघावा, केळी बघावी. पण मला लहानपणापासनं बोलायची खोड, आणि केळीशी माणूस बोलून बोलून किती बोलणार, ती उलट उत्तरच देत न्हाय. म्हणून बारावी झालो, पिशवीत दोन सदरे टाकले आणि सोलापूरला आलो.

आता ही नोकरी मला कशी लागली ते सांगतो, खोटं वाटलं तर लिहू नका. एसटी स्टँडावर बाकावर बसलो होतो, गाडीला उशीर होता, तर तेवढ्यात मी त्या बाकावरच्या अकरा माणसांची गावं, पोरंबाळं, दुखणी आणि सुनांची गाऱ्हाणी सगळी काढून घेतली. बारावा माणूस गप ऐकत होता. तो निघाला सरकारसाठी घरोघरची पाहणी करणाऱ्या एका एजन्सीचा. म्हणला, दत्तू, उद्यापासनं ये, घरोघरी जाऊन हेच करायचं, फक्त कागदावर उतरवायचं. मी म्हणलं, ह्याचे पैसे मिळत्यात? तो म्हणला, मिळत्यात की. मला वाटलं सरकार येडं हाय. पुढं कळलं, येडं न्हाय, पण उत्तरं ऐकून कधीकधी येडं होत असेल.

काम सोपं दिसायचं. यादीतलं घर गाठायचं, घरात माणसं किती, कोण काय करतं, गेल्या सात दिवसांत एक तास तरी काम केलं का, हे विचारायचं. काम केलं म्हणला की पुढचे तीन सवाल: कामाचा लेखी कागद हाय का, पगारी सुट्टी हाय का, फंड-बिंड हाय का. तीनही न्हाय आले की तो माणूस अनौपचारिक रोजगारात. हा शब्द मला पाठ व्हायला आठवडा लागला, आरशापुढं उभं राहून म्हणायचो, नुकतंच लग्न झालेलं, बायको म्हणायची, कुणाला शिव्या देताय? आणि त्यात पण बारकावा बघा, दुकान नोंदलेलं, पाटी लावलेलं, पण आत तागे उचलणाऱ्याकडं चिटोरं न्हाय, म्हंजे दुकान एका रकान्यात आणि माणूस दुसऱ्याच रकान्यात. हे मला समजलं तेव्हा मी शिकलेला झालो असं मी धरतो.

काय दिवस होते ते. सोलापूरचा असा एक उंबरा न्हाय ज्याच्यावर मी बसलो न्हाय. माझ्या चपला इतक्या झिजायच्या की चांभार मला लांबनं बघूनच सुई ओवायचा. कुटं ताक, कुटं शेंगाची चटणी आणि कडक भाकरी, ती भाकरी अशी की दातानं मोडली तर आवाज शेजारच्या घरी जायचा, आणि शेजारीण म्हणायची, आमच्याकडं कधी येताय?

पूर्व भागात मला एक गल्ली दिली होती. नाव सांगत न्हाय, ती माणसं अजून तितं राहत्यात. तेलुगू बोलणारी विणकरांची घरं, पुढच्या खोलीत यंत्रमाग, खडखड अशी की सवाल दोनदा विचारायचा आणि उत्तर तीनदा ऐकायचं. पुरुषांची उत्तरं पटापट यायची, माग चालवतो, रंगखात्यात हाय. बायांना विचारलं, काम करता का? की सगळ्यांचं एकच, न्हाय, मी घरीच असते. मी लिहायचो, घरकाम. एका दिवसात आख्खी गल्ली उरकली. ऑफिसात शाबासकी, दत्तू लई चपळ. मी पण छाती काढून हिंडलो.

दुसऱ्या वर्षी परत तीच गल्ली आली. तितं शेवटच्या घरात नरसम्मा अक्का राहायची. साठीच्या पुढची, नवरा गिरणीत होता तो वारलेला, दोन लेकांचे माग. उन्हातनं गेलो की म्हणायची, रा दत्तू, कूर्चो, म्हंजे ये, बस. तर मी बसलो, पाणी पितोय, सवाल विचारतोय, काम करता का अक्का, आणि ती म्हणतीय, न्हाय रे, मी घरीच असते की, रिकामी. आणि म्हणता म्हणता मांडीवरच्या सुपात तिची बोटं चाललेली. पान उचललं, जर्दा भरला, वळलं, टोक दुमडलं, दोरा बांधला. एक बीडी. मी तांब्या खाली ठेवेपर्यंत किती झाल्या ते मोजता मोजता मी हरलो, मला तर वाटतं ती पापणी लवेपर्यंत बंडल बांधायची.

मी म्हणलं, अक्का, मग हे काय?

ती म्हणली, हे? हे काय न्हाय. हात चालू असतो.

मी तितंच गार झालो. म्हंजे मी वर्षभर चुकीचा सवाल घेऊन हिंडत होतो. मग मी माझा सवाल बदलला. काम करता का हे विचारायचंच न्हाय. विचारायचं, दिवसभर हात कशात असतो? आणि काय सांगू तुमाला, गल्लीनं तोंड उघडलं. हिचा हात बीडीत, तिचा टॉवेलच्या कडा शिवण्यात, तिसरीचा चादरीचे गोंडे बांधण्यात, एकीचा पहाटे भाकरीत आणि दुपारनंतर बीडीत. माझ्या कागदांवर जागा पुरेना. त्या गल्लीत घरीच असणारी एकच निघाली, ती पण बाळंतीण होती म्हणून.

कागद ऑफिसात गेले आणि तितं आग लागली. मागच्या वर्षी सगळ्या बाया घरी आणि औंदा सगळ्या कामाला? म्हणले, दत्तूनं घरी बसून कागद भरले. एजन्सीवाल्यानं मला बोलावलं आणि म्हणला, पुण्याच्या वरच्या ऑफिसातल्या मॅडम येणार हायत, स्वतः दारोदार विचारणार. तुझं लिहिलेलं आणि त्यांनी ऐकलेलं जुळलं न्हाय तर तू परवापासनं येऊ नको. झालं. मला काढायला पत्र लागत नव्हतं, कारण घेताना पण दिलं नव्हतं. बायकोला सातवा महिना होता, आणि तिला मी हे सांगितलं न्हाय. दुसरं मला येत काय होतं? बोलणं. नुसत्या बोलण्याला सोलापुरात कोण ठेवून घेतं?

आता माझा गाढवपणा ऐका. आदल्या दिवशी मी गल्लीत गेलो आणि घराघरात सांगितलं, उद्या मोठ्या मॅडम तपासायला येणार, खरं खरं सांगा. एवढंच म्हणलो. पण तपासायला हा शब्द त्या गल्लीत नुसता सांडला तरी पेटतो हे मला कळायला पाहिजे होतं. तितं तपासणी म्हंजे एक तर रेशनकार्डाची, पिवळं कार्ड काढून घेणार, न्हायतर बीडीची, कारण बीडी कामगाराचं कार्ड एकीच्या नावावर आणि वळणारी दुसरी, असं लई घरांत. बायांनी माझ्यापुढं माना हलवल्या, व्हय दत्तू, व्हय व्हय.

सकाळी मॅडमना घेऊन गल्लीत शिरलो तर मला माझी गल्ली ओळखू येईना. सुपं गायब. पानांची ओली फडकी गायब. गोंडे न्हाईत, शिलाई मशिनीवर चादर टाकून वर देवाचा फोटो. बाया धुतलेली लुगडी नेसून उंबऱ्यावर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, फोटो स्टुडिओत बसवल्यासारख्या. कुत्री सुद्धा शिस्तीत बसली होती. फक्त जर्द्याचा वास लपवायला कुणाला जमलं न्हाय, मॅडमना गल्लीच्या तोंडाशी ज्या शिंका सुरू झाल्या त्या सातव्या घरापर्यंत थांबल्या न्हाईत.

पहिलं घर. काम करता का? न्हाय, घरीच असते. दुसरं घर, घरीच. तिसरं, घरीच. मॅडम प्रत्येक घरानंतर माझा कागद बघायच्या, मग माझ्याकडं बघायच्या. एजन्सीवाला मागं उभा राहून मोबाईलवर कुणाला तरी सांगत होता, दुसरा पोरगा बघून ठेव. मी बायांकडं डोळ्यानं खुणा करतोय, त्या दुसरीकडं बघत्यात. त्यांना वाटतंय, बीड्या सापडल्या तर लिहून घेणारा मी पण अडकीन, म्हणून त्या मला पण वाचवत्यात.

शेवटचं घर अक्काचं. मॅडम पायरीवरच बसल्या, थकल्या होत्या. अक्कानं पाणी दिलं. मॅडमनी विचारलं, आजी, काम करता का काही? अक्का म्हणली, न्हाय बाई, म्हातारी मी, घरीच असते, रिकामी. मॅडम लिहायला वाकल्या आणि तशाच थांबल्या. अक्काच्या हाताकडं बघत राहिल्या. मी पण बघितलं.

हातात काय न्हाय. सूप न्हाय, पान न्हाय, दोरा न्हाय. आणि बोटं वळतायत. उचलतायत, भरतायत, वळतायत, टोक दुमडतायत, बांधतायत आणि बाजूला ठेवतायत. मोकळ्या मांडीवर. अक्काला स्वतःला पत्ता न्हाय.

मॅडम हळू आवाजात म्हणल्या, आजी, बोटं काय करताहेत?

अक्कानं खाली बघितलं आणि दोन्ही हात पदराखाली घातले. तर पदर हलायला लागला. मी शपथेवर सांगतो, पदर हलत होता.

ती म्हणली, सवय हाय बाई. सात-आठ वर्षांची होते तवापासनं.

मॅडम म्हणल्या, मग हे काम नाही का?

आता अक्काला खरंच हसू आलं. म्हणली, हे कसं काम? काम माझ्या नवऱ्याचं होतं. गिरणीचा भोंगा व्हायचा, तो डबा घेऊन जायचा, परत भोंगा झाला की यायचा. भोंगा होतो त्याला काम म्हणत्यात. माझ्यासाठी कुटं भोंगा वाजतो?

मॅडमनी माझा कागद परत उघडला. मग त्यांनी मला विचारलं, तुम्ही यांना कोणत्या शब्दांत विचारलं होतं? मी सांगितलं, हात कशात असतो, असं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, आणि अक्काला म्हणल्या, आजी, मी रेशनची नाही, बीडीची नाही, कुणाचं कार्ड काढायला आले नाही. मला फक्त मोजायचंय. तुम्ही मोजण्यात आलाच नाहीत तर तुमच्यासाठी कुणी काही करायचं म्हटलं तरी कसं करणार? अक्का उठली, आतनं सूप आणलं आणि मांडीवर घेऊन बसली. गल्लीच्या शेवटच्या घरात सूप बाहेर आलं हे पहिल्या घराला कसं कळतं ते मला अजून कळलेलं न्हाय, पण आमी परत फिरलो तेव्हा सगळ्या उंबऱ्यांवर सुपं होती. मॅडमनी आख्खी गल्ली परत विचारली, माझ्या शब्दात. माझ्या कागदाशी जुळली.

जाताना अक्काकडं चहा झाला. मॅडमना काय वाटलं कुणास ठाऊक, माझा सवालांचा कागद माझ्याकडं फिरवला आणि म्हणल्या, दत्तात्रय, तुमचं बघू. लेखी कागद? मी एजन्सीवाल्याकडं बघितलं, तो चपलेचा अंगठा बघत होता. म्हणलं, न्हाय. पगारी सुट्टी? न्हाय. फंड? न्हाय. मॅडमनी पेन खाली ठेवलं. मी इतक्या माणसांना त्या रकान्यात घातलं आणि मी स्वतः त्याच रकान्यात उभा होतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. अक्का बीडी वळता वळता म्हणली, म्हंजे दत्तू, तू पण घरीच असतोस की. गल्ली हसली, मॅडम हसल्या, मी पण हसलो, पण माझं हसू जरा उशिरा आलं.

नोकरी राहिली. कागद काय मिळाला न्हाय, मॅडमनी लिहून पाठवते म्हणलं होतं, पाठवलं पण असेल, वरचं वर कुटं तरी राहिलं असेल. मी मात्र सवाल तसाच विचारत राहिलो, नवी पोरं आली त्यांना पण तोच शिकवला. मग कागद गेले, टॅबलेट आले, एजन्सी बदलली, आणि एका सोमवारी फोन आला की आता येऊ नका. एवढी वर्षं झाली, नारळ न्हाय की शाल न्हाय. अक्का त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात गेली. तिच्या तेराव्याला गल्लीतल्या बाया एका रांगेत बसून बीड्या वळत होत्या, त्यांच्यात तसली काय रीत न्हाय, पण हात मोकळा ठेवून रडता येत न्हाय म्हणाल्या.

आता मी घरी असतो. बायको कडक भाकरीच्या ऑर्डरी घेती, मी बांधून देतो, दुकानात पोचवतो. मागच्या महिन्यात दारात एक पोरगी आली, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट, घामाघूम. म्हणली, काका, गेल्या सात दिवसांत काही काम केलंत का? मी तिला आत घेतलं, पंख्याखाली बसवलं, आणि भाकरीचं सगळं सांगितलं, तास सांगितले, बायकोचं तर आधी सांगितलं. ती म्हणली, काका, तुम्ही किती नीट सांगता, बाकीचे लोक सांगतच नाहीत. मी म्हणलं, बाळ, आता मी एक विचारतो. तुझ्याकडं कामाचा कागद हाय का? ती टॅबलेटाच्या काचेवर बोट फिरवत म्हणली, एजन्सीतर्फे आहे काका, तोंडी.

मी तिला भाकरीचा एक पुडा बांधून दिला. म्हणलं, तुझ्या दारात कुणी विचारायला आलं तर हे जसंच्या तसं सांग, लाजू नको. आणि एक दिवस तुला तो कागद मिळू दे, शिक्क्याचा, तुझं पूर्ण नाव घातलेला. ती पाया पडायला वाकली तर मी म्हणलं, ऊठ, अजून पुढची घरं राहिली असतील, आणि ऊन वाढायच्या आत उरक.