एका काडतुसाची जिम्मेदारी

पूर्णा स्टेशनवर राजेश्री गाडीची वाट पाहत बसली होती. शेजारच्या बाकावर एक बाई आणि तिचे माजी हवालदार दीर बसले होते. चार वर्षांची फौजेतली नोकरी संपवून परतणाऱ्या त्या बाईच्या मुलाला ते न्यायला आले होते. राजेश्रीच्या हातातलं मासिक उघडंच राहिलं.

"पेडगावचे सोयरे विचारायलेत, अमृतला फौजेतून काढलं का म्हणून. काय सांगू, भाऊजी? त्यानं काय गुन्हा केला?"

"गुन्हा न्हाई, वहिनी. चार वर्षांनी चौघांतला एकच ठेवायचा, बाकीच्यांना बिगर पेन्शन घरी धाडायचं, असा नवा नियम हाय. फौज तरणी ठेवायचीय."

"माझं लेकरू काय म्हातारं झालं?"

"वरच्या साहेबांनी विचार करूनच ठरवलं असंल."

"कोणत्या साहेबानं? नाव सांगा."

"असं एकाचं नाव नसतंय."

"का नसतंय? दर दिवाळीला तुमीच सांगता, गोळीबाराच्या सरावात एक रिकामं काडतूस हरवलं, तर सगळी कंपनी सांजपर्यंत माती चाळत बसली."

"मेजरसाहेब बी बसले होते. त्यांची सुट्टी रद्द झाली. जिम्मेदारी त्यांची होती."

"एका रिकाम्या काडतुसासाठी! अन् माझ्या लेकरासाठी कोण माती चाळायलाय?"

"हळू बोला, लोक ऐकायलेत."

"ऐकू द्या! ज्यांनी ठरवलं ते साहेब कुठं हायत?"

"रिटायर झाले असतील."

"पेन्शनवर?"

"गाडी आली, वहिनी. उठा."

राजेश्रीनं मान वळवून पाहिलं. रूळ लांबपर्यंत मोकळेच होते.