खंडेनवमीला रिंगला लावलेली हळद

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय अण्णासाहेब, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो आहोत ते आमचे शब्बीरभाई, शेजारी बसलेल्या मैमुनाचाची, पलीकडे आमच्या धोंडाकाकू, खास वेळ काढून आलेल्या मृण्मयीताई, आणि कोळवण खोऱ्यातल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी भैरू. शब्बीरभाईंच्या गॅरेजात काम करतो. हे तुम्हाला माहीत आहे, पण नाव सांगून सुरुवात करावी असं मला सांगण्यात आलं आहे. मला बोलण्याची सवय नाही. शाळा नववीतच सुटली. म्हणून सगळं कागदावर लिहून आणलं आहे आणि घरी आईला वाचून दाखवलं आहे. ती म्हणाली, "बरं हाय, पर हळू वाच." तेव्हा हळू वाचतो.

शब्बीरभाईंबद्दल काय सांगावं? जीपचं इंजिन त्यांनी किती वेळा उतरवलं, हे सांगायला इथे बरेच जण आहेत. मी एकच गोष्ट सांगणार आहे. ती दोन हजार सातच्या खंडेनवमीची आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हे गॅरेज शब्बीरभाई आणि कैलासवासी दयानंदकाका या दोघांनी मिळून काढलं. दयानंदकाका नवमीला हत्यारांची पूजा करायचे. ते जाण्याआधी शब्बीरभाईंनी त्यांना शब्द दिला होता की पूजा चुकणार नाही. तेव्हापासून दर नवमीला धोंडाकाकू, म्हणजे दयानंदकाकांच्या पत्नी, येतात आणि पाने, जॅक, पंप, सगळ्याला हळदकुंकू लावतात. मग दसऱ्याच्या सकाळी त्या स्वतः पहिला पाना उचलून शब्बीरभाईंच्या हातात देतात. तोपर्यंत हत्याराला कुणी हात लावायचा नाही. गिऱ्हाईक कितीही मोठं असो.

त्या वर्षी मृण्मयीताईंची डर्ट बाइक आमच्याकडे आली होती. ताई हिंजवडीला नोकरी करतात, मूळच्या अमरावतीच्या. रिह्याच्या माळावर त्या सराव करायच्या. दसऱ्याच्या दुपारी त्यांची शर्यत होती. आता अडचण अशी, की ताईंच्या उजव्या गुडघ्याला जुना मार आहे. किक त्यांना मारता येत नाही. गाडी सेल्फवर चालू झाली तर शर्यत, नाहीतर घरी. आणि सेल्फच दगा देत होता. कधी पहिल्या दाबात गाडी चालू, कधी नुसतं करर्र आणि इंजिन जागचं हलत नाही.

मी आधी बॅटरी बदलून बघितली. मग सेल्फच्या मोटरचे कार्बन ब्रश बदलले. तरी करर्र. नवमीच्या सकाळी बाजूचं झाकण काढून आतली रिंग टॉर्च लावून पाहिली. रिंग म्हणजे इंजिनाला जोडलेलं दातांचं कडं. सेल्फचा छोटा गिअर त्यात अडकतो आणि इंजिन फिरवतो. मला सगळे दात सारखेच दिसले. तेवढ्यात काकू ताट घेऊन आल्या आणि हातातला पाना खाली ठेवावा लागला.

काकूंनी सगळ्या हत्यारांना ओली हळद लावली आणि उघड्या बाइकपाशी येऊन थांबल्या.

"हे चाक कसलं रं?"

"काकू, ती रिंग आहे. तिचंच दुखणं आहे असं वाटतंय."

"मग तिला आधी लावाय पायजे. फिरीव."

मी गाडी गिअरमध्ये टाकून पुढे ढकलत राहिलो आणि काकू एकेका दाताला बोट लावत राहिल्या. मी म्हटलं, एकाला लावलं तरी चालतं. तर म्हणाल्या, "आन् बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

पूजा झाली आणि मृण्मयीताई आल्या. बाइक उघडी, हत्यारं फुलांखाली. त्यांचा चेहरा उतरला.

"शब्बीरकाका, उद्या शर्यत आहे. एकच पाना उचला ना. कुणाला कळणार?"

शब्बीरभाई म्हणाले, "दयानंदला कळंल."

यावर काकू ताट पुसत म्हणाल्या, "जित्ता हुता तवा काय कळत न्हवतं, आता कळतंय व्हय!"

सगळे हसले. पण शब्बीरभाई हलले नाहीत, आणि खरं सांगायचं तर काकूंनीही पाना उचलून दिला नाही.

मग ताईंनीच विचारलं, "बटण दाबलं तर चालेल? बटण काही हत्यार नाही."

शब्बीरभाईंनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान हलवली. "बटन चालंल," शब्बीरभाई म्हणाले.

ताईंनी दाबलं. करर्र. गाडी गिअरमध्ये टाकून किंचित मागे ढकलली आणि पुन्हा दाबलं. इंजिन झटक्यात चालू! शब्बीरभाईंनी लगेच बंद करायला लावलं आणि मला म्हणाले, "भैरू, आता टारच मार आन् हळद बघ."

मी पाहिलं. जवळजवळ सगळ्या दातांच्या कडांवरची हळद घासून लोखंड चमकत होतं. पण एका जागी, सलग काही दातांची नुसती टोकं पुसली होती. कडा पिवळ्याच्या पिवळ्या. तिथे गिअर चावतच नव्हता, वरून घसरत होता. झिजलेले दात टॉर्चला दिसले नव्हते, ते हळदीने दाखवले.

"इंजिन बंद पडतं तवा बहुतेक त्याच जागी थांबतं," शब्बीरभाई म्हणाले. "रोज त्याच दातांनी मार खायचा. बाकीचे बसलेत आरामात."

"पण नवी रिंग उद्यापर्यंत कुठून येणार?" ताईंनी विचारलं.

"नवी कशाला? सहा स्क्रूवर बसलीय. खोलायची, अर्धी फिरवायची, परत कसायची. चांगले दात त्या जागेवर येत्याल. सकाळच्याला तासाभराचं काम हाय."

अख्खी दुपार मी त्या सहा स्क्रूंकडे बघत बसलो होतो. माझा स्वभाव तुम्ही जाणता. शब्बीरभाई मात्र जेवून झोपले.

दसऱ्याला उजाडताच काकू आल्या. फुलं बाजूला केली, पाना उचलला आणि म्हणाल्या, "घ्या भावजी." शब्बीरभाईंनी तो कपाळाला लावला आणि ते कामाला लागले. शर्यतीत चढावर ताईंची गाडी बंद पडली. बटण दाबलं आणि पहिल्या दाबात चालू झाली. ताई चौथ्या आल्या. बक्षीस तिसऱ्यापर्यंतच होतं. पण त्या संध्याकाळी त्यांनी चौथ्या नंबरचे म्हणून जे पेढे वाटले, तसे पेढे मी आजवर खाल्ले नाहीत.

आता शब्बीरभाई आणि चाची साताऱ्याला लेकीकडे, आरिफाताईंकडे राहायला निघाले आहेत. गॅरेज त्यांनी माझ्यावर सोपवलं आहे. परवा त्यांनी मला एवढंच विचारलं, "नवमी करशील न्हवं?" मी हो म्हणालो.

शाल आणि श्रीफळ अण्णासाहेबांच्या हस्ते देऊन झालंच आहे. माझ्याकडून आणि ताईंकडून ही एक भेट. ताईंनी नंतर नवी रिंग बसवली, तेव्हा ही जुनी मी ठेवून घेतली होती. रॉकेलने धुतली नाही. दातांच्या मुळाशी अजून पिवळं आहे.

शब्बीरभाई, पूजा मी करीन. दसऱ्याला काकू पाना उचलतील. पण तो घ्यायला तुम्ही यायचं. साताऱ्याहून सकाळची एसटी आहे, मी चौकशी केली आहे. तुम्ही येईपर्यंत मी पान्याला हात लावणार नाही. गिऱ्हाईक थांबेल.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी आपला आभारी आहे. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल किंवा मानपानात काही कमी पडलं असेल, तर ती चूक माझ्या कागदाची समजावी आणि मला सांभाळून घ्यावं. नमस्कार.